बाप्तिस्म्यानंतरची तळमळ

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मी एका छोट्या छापखान्यात जुळारी म्हणून कामाला लागलो. दहावीनंतर शिक्षण सुटले होते. पुढे जे काही वाचन झाले ते खिळे जुळवताना आणि प्रुफे तपासताना. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, जत्रेची हस्तपत्रके यांच्याबरोबर वर्षातून दोन-तीनदा ख्रिस्ती मंडळ्यांच्या सोळा पानी पुस्तिकाही छपाईला येत. त्यांत कोणा एकाची 'साक्ष' असे. सुरुवातीला भय, चिंता, झोप उडालेल्या रात्री, क्वचित जीव देण्याचा विचार. मग कोणीतरी हातात शास्त्र ठेवते, एक प्रार्थना होते आणि शेवटच्या पानावर शांती. अशा दहा-बारा पुस्तिका जुळवून झाल्यावर शेवटचा परिच्छेद मी हस्तलिखित न पाहता जुळवू शकलो असतो.

मी ख्रिस्ती नाही. पण आमचा मशीनमन ख्रिस्ती होता आणि माझा जिवलग मित्रही. त्याला अकारण धास्तीचा त्रास होता. छातीत धडधडायचे, हातपाय गार पडायचे, मशीन चालू ठेवून तो बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्याला बरे वाटू लागले होते. अशात त्याच्या प्रार्थनागटातील कोणी वडीलधाऱ्याने त्याला सांगितले, "विश्वास पक्का असेल तर गोळी कशाला लागते?" त्याने गोळ्या बंद केल्या. पुढचे तीन महिने त्याच्या घरच्यांनी कसे काढले ते मी पाहिले आहे. त्या काळात त्याने मला विचारलेला प्रश्न मी विसरलो नाही. "मी प्रार्थना करतो, तरी भीती जात नाही. म्हणजे माझी साक्ष खोटी का?"

प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे. ते मी धर्मशास्त्रात शोधलेले नाही, तो माझा अधिकार नव्हे. मराठी ख्रिस्ती माणसांनी स्वतःविषयी जे लिहून ठेवले त्यात शोधले आहे. धर्मांतराची कागदपत्रे म्हणून ही पुस्तके पुष्कळ वाचली गेली. कोणी त्यांत विजय पाहिला, कोणी विश्वासघात. पण व्याकूळ मनाला श्रद्धेने नेमकी काय मदत केली आणि कुठे केली नाही, याची नोंद म्हणून ती क्वचितच वाचली गेली. तशी वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. यांतली जी पुस्तके आजही जिवंत वाटतात, ती शांती मिळाल्यावर संपत नाहीत.

आधी 'साक्ष' या शब्दाकडे पाहू. शब्द कचेरीतला आहे. साक्षीदार डळमळीत बोलला तर खटला पडतो. म्हणून साक्षीत 'अजूनही कधीकधी' या शब्दांना जागा नसते. मराठीत मनाच्या अस्वस्थतेसाठी केवढे शब्द आहेत! चिंता, काळजी, घोर, धास्ती, घालमेल, तगमग, तळमळ, हुरहुर. यातला प्रत्येक शब्द एक वेगळी अवस्था सांगतो. घोर लागतो, धास्ती बसते, घालमेल होते आणि तळमळ तर रात्रभर कूस बदलत राहते. साक्षीच्या साच्यात हे सगळे शब्द पहिल्या चार पानांत खर्च होतात आणि उरलेल्या पानांसाठी 'शांती' एवढा एकच शब्द राहतो. साहित्य म्हणून ही पुस्तिका तिथेच फसते. माझ्या मित्राच्या बाबतीत ती माणूस म्हणूनही फसली.

या साच्याचे मराठीतले भारदस्त रूप म्हणजे बाबा पदमनजींचे 'अरुणोदय'. पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले, १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि हे आत्मचरित्र १८८८ साली प्रसिद्ध झाले. विधवांच्या दुःखावरचे त्यांचे 'यमुनापर्यटन' १८५७चे, म्हणजे मराठी कादंबरीच्या पहाटेचे. 'अरुणोदय'चे नावच त्याची रचना सांगते. आधी काळोख, मग तांबडे फुटणे. घरचा धर्म, मिशनची शाळा, मुंबईतील परमहंस सभेच्या मंडळींचा सहवास, मनातली ओढाताण, निर्णयाची चालढकल आणि अखेर बाप्तिस्मा. हे पुस्तक सरसकट मोडीत काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. एका तरुणाच्या मनातील द्विधा हा पुस्तकाचा विषय होऊ शकतो, त्यासाठी तो राजा किंवा संत असण्याची गरज नाही, ही गोष्ट मराठी गद्याला या पुस्तकाने दाखवली. लोक काय म्हणतील, घरचे काय करतील, देव काय करील या तीन भयांत सापडलेला माणूस इथे स्वतःच्या तोंडाने बोलतो.

पण हे पुस्तक उजाडण्यासाठी लिहिलेले आहे. त्याचा सारा ओघ एका दिवसाकडे जातो. माणसाच्या मनाचे दिवस मात्र असे एकामागून एक उजळत नाहीत. पुष्कळांना तर उजाडल्यावरच खरी भीती वाटते, कारण आता दिवसभर वागायचे असते. त्या वागण्याच्या दिवसांविषयी पदमनजींच्या पुस्तकाला फारसे काही सांगायचे नाही.

तो साचा पहिल्यांदा हलवला पंडिता रमाबाईंनी. रमाबाईंच्या आयुष्यातील मृत्यूंची यादी वाचतानाच छाती दडपते. सत्तरच्या दशकातील दुष्काळाच्या वणवणीत आई, वडील आणि बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी गेले आणि पदरात तान्ही मनोरमा राहिली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांच्याबरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी जीवनाचा अंत करून घेतला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. साक्षीच्या साच्याप्रमाणे इथे शांतीचे पान यायला हवे.

ते येत नाही. १९०७ साली लिहिलेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात रमाबाई मोकळेपणाने सांगतात की, त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. त्यांच्या मनाची जी भूक होती ती भागायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे जावी लागली. या आठ वर्षांत त्यांनी काय केले? सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी पत्रांतून वाद घातले. १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादित केलेला तो पत्रव्यवहार जिज्ञासूंनी अवश्य पाहावा. मान्य नसलेले सिद्धांत त्यांनी गुरुस्थानी असलेल्या माणसांनाही मान्य करून दाखवले नाहीत. अमेरिकेत जाऊन उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. हे सगळे त्यांनी शांती मिळण्याच्या आधी केले.

मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. अस्वस्थ माणसाला आपण नेहमी सांगतो, आधी मन शांत कर, मग काम कर. रमाबाईंचा क्रम उलटा आहे. मन अशांत असताना शंकांसह, वादांसह त्या विश्वासात राहिल्या आणि काम करत राहिल्या. श्रद्धा त्यांच्यासाठी प्रश्नांचा शेवट नव्हता, प्रश्न विचारण्याची जागा होती. अर्थात १९०७चे निवेदनही शेवटी साक्षच आहे. आठ वर्षांनी का होईना, त्यात शांतीचे पान येते आणि त्यानंतरच्या घालमेलीवर पडदा पडतो. पण आठ वर्षांची ती फट रमाबाईंनी लपवली नाही. केडगावच्या मुक्ती मिशनची प्रचंड वास्तू उभी राहिल्यानंतर, देशोदेशी नाव झाल्यानंतर, आपण बाप्तिस्म्याच्या वेळी पुरत्या समाधानी नव्हतो हे लिहायला धैर्य लागते. १९२१ साली मनोरमा गेली आणि पुढच्याच एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. त्या शेवटच्या काळापर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांच्यासोबत होते.

आता ज्या पुस्तकासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपण विनोदी, प्रांजळ, घरगुती म्हणून वाचतो आणि ते खरेही आहे. पण मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचले तेव्हा मला त्यात सर्वांत आधी भीती दिसली. कदाचित शेजारी मशीनवर माझा मित्र उभा होता म्हणून असेल.

पुस्तक उघडते तेच एका फाशीने. सत्तावन्नच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. सोवळे त्या काळी घरोघर होते, पण इथे ते सगळ्या मर्यादा ओलांडून गेले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची, मीठ-साखरेसारखे जिन्नसही त्यातून सुटायचे नाहीत. मीठ धुतले तर उरणार काय? लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, आपणही हसतो. पण हसू ओसरल्यावर लक्षात येते की, हा आजार आहे. आज एखादा मानसोपचारतज्ज्ञ याला नाव देईल. मी तज्ज्ञ नाही, म्हणून नाव देत नाही. एवढेच म्हणतो की, एका माणसाला न सोसवलेली भीती पाण्यात उतरली आणि त्या पाण्यात सगळे घर भिजत राहिले. त्या भीतीला धर्माची भाषा मिळाली होती, म्हणून तिला कोणी भीती म्हटले नाही.

धर्म भीतीला आधार देऊ शकतो, तसा भीतीला आसराही देऊ शकतो. हे सत्य लक्ष्मीबाईंनी पहिल्याच पानांत मांडून ठेवले आहे. ते फक्त हिंदू धर्माला लागू आहे असे समजणाऱ्या ख्रिस्ती वाचकाने माझ्या मित्राच्या गोळ्या आठवाव्यात. 'गोळी घेतली की विश्वास बाटतो' हेही एक सोवळेच आहे.

पुढे १८९५ येते. १० फेब्रुवारीला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांपूर्वी आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला होता. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. उद्याची चिंता वाहू नये, आकाशातल्या पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे पाहावे, हा सुप्रसिद्ध उपदेश त्याच प्रवचनात आहे. टिळकांना त्यातून आधार मिळाला असेल. पण त्यांच्या पावलाने जलालपूर-नाशिककडच्या त्यांच्या बायकोच्या आयुष्यात चिंतेचा डोंगर उभा राहिला. लक्ष्मीबाई कोलमडल्या. पुढची काही वर्षे नातेवाइकांच्या आधाराने, मुलाला सांभाळत, लोकांची बोलणी ऐकत गेली.

हा प्रसंग कोणत्याही प्रामाणिक वाचनाने टाळता कामा नये. ख्रिस्ती श्रद्धेने मनाला आराम मिळतो असे म्हणताना, त्याच श्रद्धेच्या स्वीकाराने एका घरात केवढी यातना आली हेही म्हटले पाहिजे. एकाची शांती ही दुसऱ्याची तळमळ होती. मिशनऱ्यांच्या पाठीशी राज्यकर्त्यांचे वजन होते, जातीतून उठणाऱ्याला घर, पाणी, नाते सगळेच तुटत होते. हे ज्या समाजाने केले त्याचा दोष त्या समाजाकडे जातोच. पण बायकोला मागे ठेवून पुढे गेलेल्या नवऱ्याचा हिशेबही 'स्मृतिचित्रां'त चुकता झालेला आहे आणि तो त्याच्यावर जीव असलेल्या बायकोनेच केला आहे. टिळकांचा संताप, न सांगता घरातून निघून जाणे, हातातला पैसा वाटून टाकणे यातले काही झाकलेले नाही.

ताटातुटीच्या या काळात लक्ष्मीबाई कविता करू लागल्या. अक्षरओळख जेमतेम, तरी दुःख ओव्यांत बसू लागले. पुढे त्या टिळकांकडे नगरला आल्या तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले देव सांभाळून राहिल्या. मग एके दिवशी त्यांच्या मनात येते की, माणसे देवाने केली असतील, पण या जाती माणसानेच केल्या. त्या विचारासरशी त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

माझ्या मते पुस्तकाचा कणा या क्रमात आहे. वडिलांच्या घरात मीठ धुण्यापर्यंत गेलेली भीती मुलीच्या मनातून गेली ती अशी. ती कोणा उपदेशकाच्या आवाजाने किंवा नरकाच्या धाकाने गेली नाही, दुसऱ्याच्या हातचे पाणी पिण्याने गेली. माणसाचा स्पर्श धोक्याचा नाही हे आधी शरीराला कळले, नंतर मनाने त्याला नाव दिले. श्रद्धेची मदत इथे सिद्धांताच्या रूपाने येत नाही, शेजाराच्या रूपाने येते.

आणि बाप्तिस्म्यानंतर? साक्षीच्या पुस्तिकेत जिथे शेवट असतो तिथे 'स्मृतिचित्रां'चा मोठा भाग अजून शिल्लक असतो. नगरमधील प्लेगचे दिवस, पैशाची चणचण, टिळकांचे उपद्व्याप, पोरक्या मुलांनी भरलेले घर. याच घरात बालकवी ठोंबरे राहून गेले. त्यांना कोणी ख्रिस्ती केले नाही, जेवू मात्र घातले. या भागातल्या लक्ष्मीबाई घाबरतात, रागावतात, रडतात, देवाशी भांडतात आणि पुन्हा कामाला लागतात. आपली चिंता गेली असा दावा त्या करत नाहीत. १९१९ साली टिळक गेल्यानंतर कराचीपर्यंत ओढून नेणारे दिवस येतात, तेही त्या याच आवाजात सांगतात. बदल एवढाच की, बालपणी ज्या घरात भीतीमुळे दार बंद होत होते, त्या घराच्या मुलीचे दार आता उघडे आहे. भीती आत-बाहेर करते, पण दार लावत नाही. पुस्तकाचा शेवट त्यांच्या हातून झालाच नाही. १९३६ साली त्या गेल्या आणि उरलेला भाग मुलगा देवदत्त यांनी पुरा केला. साक्षीच्या साच्याला न बसणारे हे पुस्तक अखेरच्या पानाविनाच राहिले, यात मला काही वावगे वाटत नाही.

रेव्हरंड टिळकांचे काय? त्यांच्या जिवाला स्वस्थता अशी लाभलीच नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' मांडला. भजने मात्र अशी लिहिली की, मराठी मंडळ्या आजही ती गातात. 'उपासना संगीता'ची कित्येक पाने त्यांनी भरलेली आहेत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो अशा अर्थाचे ते बोलत, आणि त्यांचे शब्द पाहिले की त्याचा अर्थ कळतो. पाप, दंड, खंडणी ही न्यायालयाची भाषा त्यांनी मागे सारली आणि ख्रिस्ताला माऊली म्हणून हाक मारली. न्यायाधीशापुढे माणूस थरथरतो, आईपुढे रडतो. व्याकूळ मनाला पहिल्यापेक्षा दुसऱ्याची गरज जास्त असते. वारकरी परंपरेने मराठी माणसाला तळमळ देवापाशी ओकण्याची मुभा दिली होती, ती टिळकांनी मराठी चर्चला मिळवून दिली. माझ्या दृष्टीने हे त्यांचे सर्वांत मोठे काम आहे.

चिंतेचे स्वरूपच असे की, ती स्वगत असते. तेच वाक्य मनात फिरत राहते, ऐकणारे कोणी नसते. प्रार्थना आणि भजन त्या स्वगताला संबोधन देतात. वाक्य तेच राहते, पण आता ते कोणाला तरी उद्देशून असते. ऐकणारा खरोखर आहे की नाही हा श्रद्धेचा प्रश्न झाला. त्यात मी पडत नाही. पण संबोधनाने वाक्याचा भार बदलतो, हे कोणीही वाचक पडताळून पाहू शकतो. शिवाय भजन एकट्याने म्हणायचे नसते. शेजारी बसलेल्याचा सूर चुकतो, तरी त्याला धरून आपण पुढे जातो.

एवढे झाल्यावर मी मूळ शास्त्राकडे गेलो. मित्राच्या घरून बायबल आणले आणि जुळाऱ्याच्या सवयीने अक्षर अक्षर वाचले. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत, त्यांतली कितीतरी सरळ तक्रारी आहेत. ८८वे स्तोत्र तर असे की, सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यात दिलासा नाही, ते काळोखाच्या उल्लेखावरच थांबते. कोणा संपादकाने त्याला शांतीचा परिच्छेद जोडला नाही. पौलाला शरीरात काहीतरी काट्यासारखे सलत होते. तो काढावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली आणि काटा तसाच राहिला. गेथशेमाने बागेत तर खुद्द येशू जीव कासावीस होऊन मित्रांना जागे राहायला सांगतो आणि मित्र झोपी जातात. चिंता म्हणजे विश्वासाची कमतरता असेल, तर या तिघांच्या साक्षी कोणत्या रकान्यात घालायच्या?

उद्याची चिंता नको या उपदेशाचा शेवटही मी नीट पाहिला. रोजच्या दिवसाला त्याचे दुःख असते हे तिथे मान्यच केलेले आहे. म्हणजे तो चिंता करणाऱ्याला दिलेला धाक नाही, उद्याचे ओझे आज उचलू नकोस अशी समजूत आहे. आई मुलाला 'रडू नकोस' म्हणते आणि फौजदार 'रडू नकोस' म्हणतो. शब्द तेच. कोणाच्या तोंडून ते ऐकले यावर सारे अवलंबून.

आणि गोळ्यांचे म्हणाल, तर त्याचे उत्तर ख्रिस्ती परंपरेने आपल्याच देशात कधीच दिले आहे. अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनरी स्टॅन्ली जोन्स १९०७ साली भारतात आले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांचे मन आणि शरीर वारंवार खचत गेले. लखनौमध्ये एका प्रार्थनेच्या वेळी आपल्याला उभारी मिळाली असे ते सांगत. म्हणजे साक्षीचे पान त्यांच्याकडेही होते. पण त्या पानावर ते थांबले नाहीत. याच लखनौमध्ये १९५० साली त्यांनी नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र उभे केले, जिथे प्रार्थनेबरोबर डॉक्टरही होते. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने १९५७ साली मानसिक आरोग्य केंद्र सुरू केले तेव्हा रुग्णाबरोबर घरच्या माणसाने राहायचे, अशी पद्धत ठेवली. गजांआड एकटे ठेवण्याच्या काळात 'सोबत' हा उपचाराचा भाग झाला. गेथशेमाने बागेत जी सोबत मिळाली नाही, ती इथे देण्याचा हा प्रयत्न होता, असे मला वाटत राहते.

तर मग ख्रिस्ती श्रद्धेने या माणसांच्या मनाला कोणती मदत केली? माझ्या वाचनापुरते उत्तर असे. तिने तळमळ काढून घेतली नाही. तिने तळमळीला बोलण्यासाठी एक कान दिला, रमाबाईंना शंकांसह उभे राहण्याची जागा दिली, लक्ष्मीबाईंना दुसऱ्याच्या हातचे पाणी दिले, टिळकांना हाक मारण्यासाठी माऊली दिली. जिथे तिने 'आता घाबरायचे नाही' असा हुकूम सोडला तिथे ती नवे सोवळे झाली. आणि साहित्याचा निकालही तोच आहे. शांती मिळाल्याचे जाहीर करणारी शेकडो पुस्तिका रद्दीत गेल्या. मी स्वतः त्यांचे खिळे पुन्हा खणांत टाकले आहेत. भीतीसकट जगणे सांगणारी 'स्मृतिचित्रे' मात्र राहिली.

माझा मित्र आता निवृत्त आहे. गोळी घेतो, रविवारी उपासनेलाही जातो. दोन्हींत त्याला आता विरोध वाटत नाही. काही वर्षांपूर्वी ते ८८वे स्तोत्र मी त्याला काढून दाखवले. त्याने चष्मा लावून सावकाश वाचले, पान उलटून पुढे काही आहे का ते पाहिले. पुढे दुसरे स्तोत्र सुरू होत होते. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "अरे, हे आमच्याच पुस्तकात होतं आणि मला कुणी दाखवलं नाही."

त्याने स्वतःची साक्ष कधी लिहिली नाही. लिहिलीच तर शेवटचे पान कसे असावे, हे मी त्याला सांगणार नाही.